राष्ट्राराष्ट्रांचा कायदा आणि आपली मुले



बारावीच्या परीक्षेचा निकाल लागला की सुशिक्षित कुटुंबांतून एका प्रश्नाचा खल सुरू होतो : मुलाने अगर मुलीने पुढे काय शिकावे? वैद्यकी, यंत्रविद्या, हिशेबतपासणी ही उत्तरे ठरलेलीच असतात. परंतु अलीकडे काही मुले एक निराळेच नाव उच्चारू लागली आहेत. ‘आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायदा’ हे ते नाव. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीने हाच हट्ट धरला आहे. तो गृहस्थ मला म्हणाला, “गुरुजी, ज्या कायद्याला पोलीस नाही, तुरुंग नाही, तो कायदा शिकून ही पोर करणार काय?” प्रश्न रोखठोक आहे आणि तो अनेक पालकांच्या मनात असणार. म्हणून आज त्याचाच विचार आपणांपुढे मांडण्याचे मी योजले आहे. मी वकील नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते जव्हार-मोखाड्याकडच्या मुलांना शिकविण्यात. तेव्हा पांडित्याची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. तथापि या विषयाचा एक नामांकित खटला आमच्या अगदी शेजारी घडलेला असल्यामुळे, त्याच्याच आधाराने दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या साखरशेतच्या उत्तरेकडील डोंगररांगा ओलांडल्या की नगरहवेलीचा मुलूख लागतो. मोखाड्याच्या डोंगरांतून उतरणारी वाघ नदी दमणगंगेला मिळते. पुढे ती दमणगंगा नगरहवेलीतून वाहत जाऊन दमण येथे समुद्रास मिळते. इकडे जे वारली आणि कोकणा लोक राहतात, तेच तिकडेही राहतात. सोयरीक एक, बोली एक, पाऊसही एकच. परंतु १९५४ पर्यंत मधली सीमा ओलांडली की राज्य पोर्तुगालचे होते! दादरा आणि नगरहवेली हे चारही बाजूंनी भारताने वेढलेले दोन तुकडे. समुद्रकाठच्या दमणहून तेथे जावयाचे, तर भारताच्या भूमीवरून जाण्यावाचून पोर्तुगीज अधिकाऱ्यास गत्यंतर नव्हते.

१९५४ च्या जुलै महिन्यात दादरा आणि ऑगस्टच्या प्रारंभी नगरहवेली स्वयंसेवकांनी व स्थानिक लोकांनी मुक्त केली. तेथे पुन्हा सत्ता बसविण्यासाठी पोर्तुगालला आपली माणसे पाठवावयाची होती; भारताने वाट देण्याचे नाकारले. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच, २२ डिसेंबरला, त्याने नेदरलँड्समधील हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर फिर्याद गुदरली. ‘भारतीय भूमीवरून जाण्याच्या हक्काचा खटला’ म्हणून जगातील कायद्याचे विद्यार्थी जो अभ्यासतात, तो हाच. भारताच्या बाजूने अटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. आणि दोन्ही पक्षांना आपापला एक न्यायाधीश नेमण्याची जी मुभा असते, तिला अनुसरून भारताने मुंबईचे न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांस नेमले.

आता गंमत पाहा. हेगच्या त्या न्यायासनापुढे जो पहिला मोठा प्रश्न निघाला, तो पुण्याच्या पेशव्यांच्या दप्तरातला! पोर्तुगालचे म्हणणे असे की, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत १७७९ साली मराठ्यांशी आमचा तह झाला आणि पुढे १७८३ व १७८५ साली सनदा मिळाल्या. त्यांच्या योगाने ही गावे आमच्या सार्वभौम मालकीची झाली. भारताने उत्तर दिले की, दिला होता तो केवळ महसूल. न्यायालयाने तहाची आणि सनदांची भाषा बारकाईने तपासली. बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे दिली आहेत, आणि हे देणे जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचे आहे, असे त्यास आढळून आले. जेथे मराठ्यांना खरोखर मुलूख तोडून द्यावयाचा असे तेथे भाषा निराळी असे. आणि सरंजामाचा अर्थ मुलखाचे स्वामित्व देणे असा केल्याचे एकही उदाहरण पुढे आले नाही. सबब मराठ्यांनी पोर्तुगालला सार्वभौमत्व दिलेच नव्हते, असा निष्कर्ष निघाला.

कोणास वाटेल, खटला येथेच संपला. परंतु कायदा असा एका पावलात थांबत नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रज मराठ्यांच्या जागी आले. त्यांना या गावांत पोर्तुगीज सर्वाधिकार चालविताना दिसले. त्यांनी ती वहिवाट प्रत्यक्षात मान्य केली, आणि स्वतंत्र भारतानेही पुढे तीस मूकसंमती दिली. तेव्हा जे सनदेने मिळाले नव्हते ते वहिवाटीने मिळाले! त्याच न्यायाने दमण आणि नगरहवेली यांच्या दरम्यान खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांची ये-जा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ निर्वेधपणे चालत आलेली होती. म्हणून तेवढ्यापुरता जाण्याचा हक्क पोर्तुगालला आहे, असे न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी ठरविले. परंतु सैन्य, हत्यारी पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट वेगळी. ती नेताना दर वेळी परवानगी मागावी लागत असे, आणि ज्यास परवानगी लागते तो हक्क नव्हे. येथे मते पडली आठ विरुद्ध सात. शेवटी, १९५४ साली त्या भागात जी तंग परिस्थिती निर्माण झाली होती ती पाहता, वाट अडविण्यात भारताने आपले कोणतेही कर्तव्य मोडले नाही, असा निर्णय नऊ विरुद्ध सहा मतांनी झाला. तारीख होती १२ एप्रिल १९६०. पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा आणि नगरहवेली भारतात विधिपूर्वक सामील झाली.

हा एवढा इतिहास मी विस्ताराने सांगितला तो एवढ्याचसाठी की, हे शास्त्र म्हणजे काय याची कल्पना व्याख्या पाठ करून येत नाही, ती खटला उलगडून पाहिल्याने येते. राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्याचे मुख्य आधार तीन : तह, रूढी, आणि सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली न्यायाची सामान्य तत्त्वे. हेगच्या न्यायालयाच्या घटनेतील ३८ व्या कलमात ते नमूद आहेत. आमच्या शेजारच्या या एका खटल्यात तिन्हींचा ऊहापोह झालेला आहे. शिवाय, दोनच राष्ट्रांमध्येही रूढी निर्माण होऊ शकते, हे तत्त्व त्यानेच प्रस्थापित केले. ‘सरंजाम’ हा आपल्या मोडी दप्तरांतील शब्द आज जगाच्या कायदेग्रंथांत जाऊन बसला आहे, तो याच कारणाने.

आता त्या गृहस्थाच्या प्रश्नाकडे वळू. या कायद्याला पोलीस नाही, हे खरेच आहे. हेगचे न्यायालय कोणत्याही राष्ट्रास त्याच्या संमतीवाचून आपल्यापुढे खेचू शकत नाही. परंतु संमती एकदा दिली की ती अंगावर येते. आपल्यावर फिर्याद झाली तेव्हा भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या होत्या. १९५७ साली न्यायालयाने त्यांपैकी चार फेटाळल्या आणि दोन मुख्य खटल्यात विचारार्थ ठेवल्या. भारत नाराज होऊन उठून गेला नाही. त्याने आपली बाजू मांडली, आणि बव्हंशी जिंकली. गावातसुद्धा प्रत्येक बांधावर शिपाई उभा नसतो. तरी बहुतेक लोक बांध पाळतात, कारण उद्या आपलाही बांध दुसऱ्याने पाळावा अशी प्रत्येकाची गरज असते. राष्ट्रांचेही तसेच आहे. पत्र परदेशी पोहोचते, विमान दुसऱ्याच्या आकाशातून उडते, जहाज परक्या बंदरात शिरते, ते सारे तहांच्या बळावर. मोडलेला नियम वर्तमानपत्रात दिसतो. पाळलेले हजार नियम कोणास दिसत नाहीत.

तथापि या कायद्याची उणीव झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ती उणीव दाखविणारा खटलाही आपल्याच प्रांतातील एका व्यक्तीसंबंधाने आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांनी ‘मोरिया’ जहाजातून मार्सेय बंदरात उडी घेऊन फ्रान्सची भूमी गाठली. परंतु फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि जहाजावरील इंग्रजी पहाऱ्याच्या स्वाधीन केले. आमच्या भूमीवरचा माणूस रीतीप्रमाणे मागणी केल्यावाचून नेला गेला, त्यास परत करा, असे फ्रान्सचे म्हणणे पडले. वाद हेगच्या लवाद मंडळापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच लवादांनी निर्णय दिला की, स्वाधीन करण्यात अनियमितता घडली खरी, परंतु तेवढ्याने कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर पडत नाही. आता ध्यानात घ्या : वाद ज्या माणसाविषयी, तो त्या मंडळापुढे पक्षकार म्हणून नव्हताच. दोन सरकारे बोलत होती, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न तो हिंदुस्थानातील तुरुंगात जन्मठेपेची शिक्षा ऐकून बसला होता. नगरहवेलीच्या खटल्यातही पक्षकार होते भारत आणि पोर्तुगाल. तेथील वारली-कोकण्यांस स्वतःच्या वतीने बोलण्यास त्या न्यायालयात जागा नव्हती. राष्ट्रांच्या कायद्यात माणूस दीर्घकाळ असा दाराबाहेर उभा होता.

त्या दृष्टीने युरोपीय कायद्याचा अभ्यास फार बोधप्रद आहे. दोन महायुद्धांत परस्परांचा विध्वंस करून घेतलेल्या देशांपैकी सहा देश १९५१ साली एकत्र आले आणि युद्धसाहित्याचे मूळ जे कोळसा व पोलाद, त्याचा कारभार त्यांनी सामाईक केला. १९५७ साली रोम येथे करार होऊन सामाईक बाजारपेठ निघाली. तिचाच विस्तार होऊन आजचा युरोपीय संघ झाला आहे. ब्रिटन २०२० साली बाहेर पडल्यावर त्यात २७ देश आहेत. या संघाचे न्यायालय लक्झेंबर्ग येथे आहे. १९६३ साली त्याने एका डच व्यापारी पेढीच्या प्रकरणाचा निकाल दिला. जर्मनीहून आणलेल्या एका रासायनिक द्रव्यावरील जकात तीन टक्क्यांवरून आठ टक्के करण्यात आली होती, आणि रोमच्या करारान्वये अशी वाढ निषिद्ध होती. प्रश्न असा की, करार केला राष्ट्रांनी. मग व्यापाऱ्याने त्याचा आधार का घ्यावा? न्यायालयाने सांगितले की, हा करार केवळ सरकारांपुरता नाही. त्यातून नागरिकांनाही हक्क मिळतात, आणि ते त्यांनी आपल्या देशाच्या न्यायालयात मागावेत. पुढच्याच वर्षी, दोन्हींत विरोध आल्यास संघाचा कायदा देशाच्या कायद्याहून वरचढ, असेही ठरले. जकातीच्या पाच टक्क्यांवरून केवढे तत्त्व निघाले पाहा!

येथे एक सूचना. मानवी हक्कांचे जे युरोपीय न्यायालय आहे ते निराळे. ते स्ट्रासबुर्ग येथे असून १९५० च्या करारावर उभे आहे. संघाबाहेरील देशही त्यात आहेत. या दोहोंची गल्लत पुष्कळ सुशिक्षित लोक करतात.

इतका विषय कळल्यावर व्यवहाराचे काय, हा प्रश्न उरतोच. बारावीनंतर हा अभ्यास करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग स्वदेशातील. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे आय. एल. एस. विधी महाविद्यालय १९२४ चे. अलीकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे झाली आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यात सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय सक्तीचा आहे. दुसरा मार्ग परदेशातील. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन येथे, तसेच हेग येथे, ‘आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायदा’ या नावाचीच पदवी इंग्रजी माध्यमातून मिळते. ग्रोनिंगेनचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. ज्या हेग शहरी शांतिप्रासाद आहे, जेथे राष्ट्रांचे खटले चालतात, तेथे जाऊन शिकावे असे तरुण मनास वाटले तर त्यात नवल नाही.

मात्र पालकांनी तीन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली ही की, अशी पदवी कोणत्याही एका देशाच्या कायद्यावर उभारलेली नसते. म्हणून ती हाती आली एवढ्यावरून कोणत्याही देशाच्या न्यायालयात वकिली करण्याचा दरवाजा आपोआप उघडत नाही. दुसरी गोष्ट, भारतात परत येऊन वकिली करावयाची झाल्यास ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेची असावी लागते, आणि पात्रता परीक्षाही द्यावी लागते. बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदवीची गणना कशी होईल, याचे लेखी उत्तर पैसे भरण्यापूर्वी मिळवावे, नंतर नव्हे. तिसरी गोष्ट, युरोपाबाहेरील विद्यार्थ्यास तेथे संघाच्या नागरिकांहून कितीतरी जास्त शुल्क पडते. शेत गहाण टाकून, वा निवृत्तीच्या पैशांची मोट बांधून हा खर्च करावा, असे मी कोणास सांगणार नाही.

माझे मत विचाराल तर ते असे. बहुतेक मुलांनी प्रथम आपल्या देशाचा कायदा पक्का करावा. त्यावर आंतरराष्ट्रीय कायद्याचे विशेष शिक्षण घेण्यासाठी मग परदेशी जावे. ज्यास स्वतःचे घर ठाऊक नाही, त्याने दोन घरांमधला तंटा तोडण्यास बसू नये. ज्यांना साधने आहेत, शिष्यवृत्ती आहे, आणि वकिलीपेक्षा आंतरराष्ट्रीय संस्था, व्यापार अगर अध्यापन यांकडे ज्यांचा ओढा आहे, त्यांनी पहिल्यापासून तो मार्ग धरण्यास हरकत नाही. परंतु दोन्ही मार्गांवरील मुलांना तयारी एकच करावी लागते. इंग्रजी उत्तम हवी. फ्रेंच शिकावी, कारण हेगच्या न्यायालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच आहेत, आणि लक्झेंबर्गच्या न्यायालयाचे आतले कामकाज फ्रेंचमधून चालते. इतिहास वाचावा. आणि मराठी टाकू नये! सरंजाम म्हणजे काय, हे ज्यास ठाऊक आहे असा मनुष्य एके दिवशी हेगला लागतो, हे आपण आताच पाहिले. निकालपत्रे मुळातून वाचण्याची सवय लावावी, आणि विशेषतः विरुद्ध मते वाचावीत. आठ विरुद्ध सात असा निकाल लागतो तेव्हा त्या सातांचे म्हणणे समजून घेतल्याशिवाय आठांचे म्हणणे समजले असे होत नाही.

शेवटचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. हा अभ्यास केवळ शहरातील संपन्न घरांचा आहे, असे समजू नये. आदिवासी जमातींच्या संबंधाने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९५७ साली एक करार केला. त्याचा क्रमांक १०७. या जमाती परंपरेने ज्या भूमीवर राहत आल्या, तिच्यावरील त्यांची मालकी मान्य करावी, असे त्याचे ११ वे कलम सांगते. भारताने हा करार १९५८ साली स्वीकारला. १९८९ साली त्याच्या जागी १६९ क्रमांकाचा नवा करार निघाला. तो भारताने स्वीकारलेला नाही. म्हणजे जुना करार आपणांस लागू आहे, नवा नाही. २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने मूळनिवासी लोकांच्या हक्कांची घोषणा केली, तिला भारताने अनुकूल मत दिले. पण घोषणा म्हणजे तह नव्हे. या तीन कागदांतील भेद सांगू शकणारी किती माणसे जव्हार-मोखाड्यात सापडतील? आमच्याकडे धरणाची आखणी होते, रस्ता येतो, जंगलजमिनीचे दावे पडतात. जमीन ज्याची जावयाची असते त्याच्या घरात हे कागद वाचणारा कोणी नसतो. म्हणून त्याच्या वतीने नेहमी दुसराच बोलतो.

सावरकरांच्या वेळी माणूस दाराबाहेर होता. रोमच्या करारानंतर युरोपात तो दाराच्या आत आला. आपल्याकडे ते दार पुरते उघडलेले नाही, पण त्याला कुलूपही नाही. ते लोटावयास कायदा जाणणारी मुले हवीत. त्यांपैकी काही मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून यावीत. आणि निदान एखादे तरी मूल या डोंगरांतील पाड्यावरून यावे. ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांनी अशा एका मुलाच्या पुस्तकांचा नि शुल्काचा भार उचलला, तर ते दान वाया जाणार नाही, एवढी ग्वाही या मुलांना जन्मभर शिकविल्याच्या बळावर मी देऊ शकतो.